आयलंड पीकला जाताय? आधी दोर, मग खरेदी

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नेपाळमधलं आयलंड पीक हे शिखर करायचं पक्कं झालं असेल तर तयारी जूनपासूनच धरा. आपल्याकडची बरीच मंडळी आधी जॅकेट शोधायला लागतात, पण सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरलेल्या माणसाला दम सहसा कमी पडत नाही, कमी पडतो तो दोरावरचा हात. हे शिखर सहा हजार शंभर मीटरच्या वर आहे, शेवटची बर्फाची भिंत फिक्स रोपवर (आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर) जुमार, म्हणजे दोरावर फक्त वरच सरकणारी पकड, लावूनच चढायची असते, आणि तीही पहाटेच्या थंडीत, जाड ग्लोव्हज घालून. म्हणून जवळच्या गिर्यारोहण क्लबकडे जा आणि हार्नेस (कमरेचा पट्टा), जुमार, फिगर एट (दोरावरून उतरायची आठच्या आकाराची कडी), सेफ्टीची दोरी आणि कॅराबिनर (झडपेची कडी) हे सगळं ग्लोव्हज घालून, डोळे मिटून लावता-काढता येईपर्यंत करत रहा. अँकरपाशी, म्हणजे दोर जिथे पक्का केलेला असतो तिथे, आधी सेफ्टी पुढच्या दोरात अडकवायची, मग जुमार काढून पलीकडे लावायचा, एका क्षणालाही दोन्ही मोकळे असता कामा नयेत, हे हातात इतकं बसलं पाहिजे की थकलेल्या डोक्याला विचारावं लागणार नाही. खाली यायचं रॅपलिंगही तितकंच घोटा.

बाकी फिटनेससाठी आठवड्यातून दोनदा दहा-बारा किलोची सॅक पाठीवर घेऊन सिंहगड किंवा जवळ असेल तो गड, उतरताना गुडघे सांभाळून. पण उंचीची तयारी इथे होत नाही हे मान्य करा. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, आणि वाटेतलं नामचे बाजार गावच ३४४० मीटरवर, दुपटीहून उंच! त्यामुळे प्लॅनमध्ये विश्रांतीचे दिवस कापू नका. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, नामचे आणि त्याच्या वरच्या डिंगबोचे गावात एकेक जास्तीची रात्र काढायचीच. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही.

कागदपत्रांत पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, आधारवर विसंबू नका. इन्शुरन्स काढताना उंचीची मर्यादा नीट वाचा, बऱ्याच पॉलिसी चार-साडेचार हजार मीटरवरच संपतात आणि आपल्याला हेलिकॉप्टरसह सहा हजारांच्या वरचं कव्हर लागतं. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाची विमानं हवामानावर चालतात, सीझनमध्ये बरीचशी काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, तेव्हा परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

सामानात सगळ्यात जास्त वेळ डबल बूटांना (आत वेगळा उबदार थर असलेल्या बर्फाच्या बूटांना) द्या. काठमांडूच्या ठमेल भागात भाड्याने मिळतात, पण मी घाईत जाड मोजे न घालताच माप घेतलं होतं आणि उतरताना दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. बूट घालून जिने उतरून बघा, बोटं पुढे आदळली तर एक नंबर मोठा घ्या, आणि क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे लोखंडी काटे) त्याच बूटांवर तिथेच बसवून बघा. उणे वीसची स्लीपिंग बॅग, कॅटेगरी चारचा गॉगल, दोन हेडलॅम्प. पाण्याची बाटली उलटी ठेवायची म्हणजे तोंडाशी बर्फ धरत नाही, नळीवाली पिशवी तिथे गोठते. रात्री बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. वर भूक मरते, तेव्हा चिक्की, खजूर, घरचे लाडू न्या, आणि मेतकूट तर नक्कीच, गरम भातावर तेवढं एक चमचाभर पोटात जातं.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. १९५३ मध्ये एव्हरेस्ट मोहिमेच्या सरावात हे शिखर पहिल्यांदा चढलं गेलं तेव्हाही चढणाऱ्यांत तेनझिंग आणि इतर शेर्पा होते, आणि आजही आपल्याआधी दोर लावायला शेर्पाच जातात. बुकिंग करतानाच विचारा की पोर्टरचा विमा आहे का, त्याच्या पायात काय आहे, पाठीवर किती किलो देणार, आणि टीपचे पैसे बजेटमध्ये आधीच बाजूला काढा. रस्त्यात मणी भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) लागतात, त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. चढाईआधी पूजा असेल तर आपली आइस अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉन तिथे नेऊन ठेवा, धूप पेटलेला असताना शांत बसा, तो कार्यक्रम फोटोसाठी नसतो.

आणि बेस कॅम्पवरून रात्री एक-दोनला निघायच्या आधी परत फिरायची वेळ शेर्पाबरोबर ठरवून घ्या, घड्याळ जॅकेटच्या बाहीवरून बांधा, आणि शिखर समोर दिसत असलं तरी ती वेळ झाली की फिगर एट दोरात घालून उतरायला लागा.