जुन्या कोचला काढलं ते योग्य होतं का? निर्णय तपासायची रीत

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये दहा-पंधरा वर्षं टिकलेल्या कोचची हकालपट्टी झाली की चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट कारकिर्दीतले एकूण विजय मोजतो, दुसरा शेवटचा पराभव. दोन्ही मोजमापं कुचकामी. त्या दिवशी अ‍ॅथलेटिक डायरेक्टरसमोर, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखासमोर, जी माहिती होती, तेवढ्यावरच निकाल द्यायचा.

सगळ्यात आधी कारण वेगळं काढा. पेन स्टेटने ‘जो पॅटर्नो’ या कोचला नोव्हेंबर २०११ मध्ये हटवलं ते सँडस्की प्रकरणामुळे, म्हणजे त्याच्या माजी सहायकाने मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांमुळे. तिथे ४०० वर विजयांचा हिशेब गैरलागू ठरतो. खेळाडूभरतीतल्या नियमभंगासारखं कारण देऊन काढलं असेल, तर उरलेल्या कराराचे पैसे द्यायचे की नाहीत हाच वादाचा मुद्दा होतो. २०२१ च्या जानेवारीत टेनेसीने जेरेमी प्रुइटला काढलं, ते असंच. अशा प्रकरणांत नियम, पुरावे आणि कराराची कलमं वाचायची. खालची रीत केवळ मैदानावरच्या कामगिरीसाठी काढलेल्यांना लागू होते.

शेवटचे चार-पाच हंगाम मांडा

प्रत्येक हंगामासाठी एक ओळ आणि पाच रकाने: एकूण विजय-पराभव, कॉन्फरन्समधले (आपल्या गटातल्या कॉलेजांविरुद्धचे) विजय-पराभव, राष्ट्रीय क्रमवारीतल्या संघांविरुद्धची कामगिरी, आपण वरचढ मानले जात असताना घरच्या मैदानावर झालेले पराभव, आणि ८ किंवा कमी गुणांच्या फरकाने संपलेले सामने. नियमित हंगामातले १२ सामने मोजताना खालच्या स्तरातल्या, बोलावून आणलेल्या दुबळ्या संघांवरचे विजय वजा करा. ९-३ दिसणारा हंगाम मग पुष्कळदा ६-३ उरतो.

शेवटच्या रकान्यात लोक हमखास फसतात. आठ गुण म्हणजे एका टचडाउनचे सहा आणि त्यावर मिळू शकणारे दोन. एवढ्या फरकाच्या सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. एखाद्या वर्षी असे सामने १-५ गेले, तर पुढच्या वर्षी आकडा बहुधा सुधारतो, कोच कुणीही असो. तीन वर्षं सलग तेच घडत असेल, तर मात्र वेळेचं नियोजन आणि चौथ्या डाउनवरचे (शेवटच्या प्रयत्नाच्या वेळचे) निर्णय तपासायला हवेत.

घसरणीचा आकार पाहा. ओक्लाहोमा स्टेटचा माइक गंडी २००५ पासून होता, १७० विजय त्याच्या नावावर. २०२४ मध्ये ३-९, त्यात कॉन्फरन्समध्ये ०-९. २०२५ मध्ये ओरेगनकडून ३-६९ गुणांनी हार, मग घरच्या मैदानावर टल्साकडून १२-१९ गुणांनी. ही क्वार्टरबॅकच्या (हल्ल्याच्या सूत्रधाराच्या) दुखापतीने बिघडलेल्या एका वर्षाची गोष्ट नाही. त्या हकालपट्टीवर फारसं भांडण्यासारखं काही नाही.

तुलना कशाशी?

त्या कॉलेजात इतर कोचांनी काय मिळवलं, त्याच्याशी. शेजारच्या बलाढ्य संघाशी नाही. मिनेसोटाने २००६ च्या अखेरीस ग्लेन मेसनला काढलं तेव्हा त्याची नोंद ६४-५७ होती आणि शेवटच्या बोल सामन्यात (हंगामानंतर निवडक संघांना मिळणाऱ्या सामन्यात) ३१ गुणांची आघाडी त्याने घालवली होती. राग रास्त होता. पण मिनेसोटाने कॉन्फरन्सचं शेवटचं विजेतेपद १९६७ मध्ये, तेही वाटून घेतलेलं. मेसनची कामगिरी त्या पातळीच्या मानाने चांगलीच होती, आणि पुढच्या वर्षी संघ १-११ गेला. नेब्रास्काने २००३ मध्ये ९-३ वर असलेल्या फ्रँक सोलिकला काढलं. पुढच्याच हंगामात ५-६, म्हणजे १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम.

मधल्या दर्जाच्या संघांना इथे जास्त जपावं लागतं. १९९७ ते २०१० मधल्या कोचबदलांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सोशल सायन्स क्वार्टर्ली’त आला होता. फारच वाईट खेळणाऱ्या संघांना कोच बदलून विशेष फायदा झाला नाही, आणि मध्यम संघ तर कोच न बदललेल्या तशाच संघांपेक्षा मागे पडले. उलट व्हर्जिनिया टेकने १९९२ मध्ये २-८-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा) गेलेल्या फ्रँक बीमरला ठेवलं. सहायक बदलले गेले, आणि १९९३ पासून त्याच्या हाताखाली सलग २३ वर्षं संघ बोल सामन्यात खेळला. म्हणून विचारा: कोऑर्डिनेटर, म्हणजे हल्ला किंवा बचाव सांभाळणारा मुख्य सहायक, बदलून पाहिला होता का?

पैसे

बायआउटचा, म्हणजे मुदतीआधी काढल्याबद्दल कोचला द्यायच्या रकमेचा, मोठा आकडा पाहून थांबू नका. हप्ते कसे आहेत, आणि कोचला दुसरी नोकरी लागली तर तिथला पगार वजा होतो का, ही दोन कलमं शोधा. ऑबर्नने २०२० मध्ये गस मालझानला काढलं तेव्हा सुमारे २.१४ कोटी डॉलर द्यायचे होते आणि त्यातले निम्मे ३० दिवसांत. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशरसाठी साडेसात कोटी डॉलरांहून जास्त मान्य केले. या रकमेत सहायकांचे करार आणि नव्या कोचच्या जुन्या कॉलेजला द्यायचे पैसेही मिळवा. आकडा अवाढव्य असेल, तर खरी चूक पुष्कळदा करार वाढवून दिला त्या दिवशीची असते.

निकाल दोन द्या

काढणं एक, त्याच्या जागी नवा कोच निवडणं दुसरं. जॉर्जियाने २०१५ मध्ये १४५-५१ नोंदीच्या मार्क रिक्टला काढलं आणि कर्बी स्मार्टने २०२१ व २०२२ ची राष्ट्रीय विजेतेपदं आणली, म्हणून पहिला निर्णय आपोआप बरोबर ठरत नाही. टेनेसीने २००८ मध्ये फिलिप फुलमरला काढल्यावर किफिन, डूली, जोन्स, प्रुइट असे चार कोच येऊन गेले, म्हणून तो आपोआप चूकही ठरत नाही. फुलमरची शेवटच्या चार हंगामांची नोंद ५-६, ९-४, १०-४, ५-७ अशी होती. त्यावरून दोन्ही बाजूंनी बोलता येतं. निवडीत मात्र घोळ झाला, हे उघड आहे.

तारखेचाही हिशेब यातच येतो. २०१७ पासून शाळकरी खेळाडूंची कॉलेजशी नातं पक्कं करणारी मुख्य सही डिसेंबरमध्ये होते, आणि कोच बदलला की असलेल्या खेळाडूंनाही ट्रान्सफर पोर्टलचा, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात जाण्याचा, दरवाजा उघडतो. ऑक्टोबरमध्ये काढण्याचा एकच फायदा: शोधाला वेळ मिळतो. तो वापरला का, ते पाहा.

पेन स्टेटच्या जेम्स फ्रँकलिनवर ही रीत लावून पाहू. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी काढलं. नोंद १०४-४५, आधीच्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफची उपांत्य फेरी. पण पहिल्या दहातल्या संघांविरुद्ध ४-२१, आणि मोसमाआधी दुसऱ्या क्रमांकावर असलेला संघ ओरेगन, तोवर एकही सामना न जिंकलेला यूसीएलए आणि नॉर्थवेस्टर्न अशा तिघांकडून ओळीने हरला. बायआउट सुमारे ४.९ कोटी डॉलर. पण व्हर्जिनिया टेकने त्याला नेलं आणि देणं ९० लाखांवर मिटलं. तीन पराभवांचा एकूण फरक १२ गुणांचा, हे त्याच्या बाजूने धरा. तरी ४-२१ हा आकडा बारा हंगामांचा आहे, एका वाईट महिन्याचा नाही. काढणं समर्थनीय. त्यानंतरचं काम ढिसाळ: नवा कोच ठरायला डिसेंबर उजाडला आणि सहीच्या पहिल्या दिवशी शाळेतून आलेले केवळ २ खेळाडू मिळाले.