ट्रेनर घेताय? आधी रेझिस्टन्स कसला ते बघा

जून लागला की सायकलवाल्यांच्या ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो, कुठला ट्रेनर घेऊ, आणि मग उत्तरं येतात ती सगळी ब्रँडची. कोणी म्हणतं वाहू घे, कोणी म्हणतं एलिट घे, एखादा हमखास सांगतो की अरे कशाला पैसे घालवतोस, पावसात चालव की. खरं सांगू का, ब्रँड हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की तुम्ही पेडल मारता तेव्हा पायाला जो जोर लागतो, म्हणजेच रेझिस्टन्स, तो कोण ठरवणार, सायकलचा वेग, तुमचा हात, की ॲप. एवढं ठरलं की निम्मे ट्रेनर यादीतून आपोआप उडतात.

(ट्रेनर म्हणजे आपलीच सायकल ज्याच्यावर लावायची ते स्टँडवालं मशीन, जिममधली स्पिन बाइक वेगळी.)

सगळ्यात जुना प्रकार हवेचा. मागच्या टायरला रोलर चिकटतो, रोलरला पंखा, पंखा हवा कापतो आणि तोच रेझिस्टन्स. फील चांगला असतो, कारण रस्त्यावर पण आपण मुख्यतः हवेशीच भांडत असतो आणि हवेचं गणित असं की वेग दुप्पट केला तर नुसती हवा कापायला आठपट ताकद लागते. पण आवाज! मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कूट करताना येतो तसा, आणि तो तासभर चालू. स्वतंत्र घर, गच्ची, शेड असलं तर बघा, फ्लॅटमध्ये असाल तर हा विषय इथंच सोडा.

मॅग्नेटिक हा आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणारा, कारण स्वस्त. धातूची चकती चुंबकांच्या जवळून फिरते, फिरताना त्या चकतीत करंट तयार होतात आणि तेच तिला मागे ओढतात. चुंबक चकतीला टेकत नाही त्यामुळे घासून झिजायचा प्रश्न नाही. हँडलला एक छोटा लिव्हर आणि केबल येते, लिव्हर हलवला की चुंबक जवळ-लांब होतात, पाच-सात लेव्हल मिळतात. म्हणजे इथं रेझिस्टन्स तुमचा हात ठरवतो. आणि इथंच याची मर्यादा आहे, एकदा लेव्हल लावली की तुम्ही कितीही जोरात मारा, रस्त्यावर वाढतो तसा जोर वाढत नाही, त्यामुळे ज्यांच्या पायात दम आहे ते शेवटच्या लेव्हलला, शेवटच्या गिअरला जाऊन नुसते फिरत बसतात. पण ऑफिसला जायच्या आधी अर्धा-पाऊण तास घाम काढायचाय, वजन कमी करायचंय, गुडघ्याच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी हलकं पेडलिंग सांगितलंय, तर मॅग्नेटिक घ्या आणि उरलेल्या पैशात चांगला पंखा आणि बिब शॉर्ट (सायकलिंगची गादीवाली शॉर्ट) घ्या, उगाच लोकांचं ऐकून लाखात जाऊ नका.

फक्त दुकानात एक गोष्ट करून बघा. सायकल लावायला सांगा, बऱ्यापैकी वेग घ्या आणि पेडल थांबवा. चाक लगेच गपकन थांबलं तर फ्लायव्हील (ट्रेनरचं जड फिरतं चाक) हलकं आहे, अशा ट्रेनरवर पेडल वरच्या टोकाला आलं की प्रत्येक फेरीला एक झटका जाणवतो आणि वीस मिनिटांत डोकं उठतं. चाक आरामात फिरत फिरत थांबलं तर ठीक. दुकानदार सायकल लावून दाखवत नसेल तर दुसरं दुकान बघा, सरळ आहे.

आता फ्लुइड. माझ्या मते आपल्याकडे याचं नाव फार कमी निघतं, कारण स्मार्ट (ॲपशी जोडून चालणारा) नाही म्हणून इन्स्टाग्रामवर दिसत नाही. बंद डब्यात सिलिकॉन ऑइल असतं, त्यात पाती फिरतात. लिव्हर नाही, केबल नाही, प्लग नाही. गिअर वाढवला, वेग वाढला की तेल स्वतःच जास्त अडवतं, बरंचसं रस्त्यासारखं. म्हणजे इथं रेझिस्टन्स तुमचा वेग ठरवतो आणि तुम्ही फक्त गिअरशी खेळायचं, जे आपण बाहेर करतोच. आवाज हवेवाल्यापेक्षा खूपच कमी, जो येतो तो बराचसा टायरचा.

तेलाची एक खोड मात्र माहीत पाहिजे. तुम्ही पायाने जी ताकद घालता तिची शेवटी उष्णता होते आणि ती त्या डब्यातच जाते. तेल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की थोडं हलकं लागतं. म्हणून पहिल्या दहा मिनिटांतला जोर आणि नंतरचा जोर सारखा नसतो, वॉर्मअप झाल्याशिवाय आकडे लिहून घेऊ नका. दुसरी भीती गळतीची. साध्या डिझाइनमध्ये पात्यांचा शाफ्ट (दांडा) सीलमधून बाहेर येतो आणि सील जुनं झालं की तिथूनच तेल पाझरतं. कर्ट कायनेटिक या ट्रेनरच्या कंपनीने यावर भारी उपाय काढला होता, आतली पाती आणि बाहेरचा रोलर चुंबकाने जोडले, मधे शाफ्टच नाही म्हणजे भोकच नाही, मग गळणार कुठून.

बीआरएम (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या राइड) करणाऱ्यांना मी तर फ्लुइडच सांगतो. २०० किमीला साडेतेरा तास असतात, ६०० ला ४० तास, तिथं स्प्रिंट मारून काही होत नाही, एका लयीत तासन् तास बसता आलं पाहिजे आणि ते फ्लुइडवर छान घोटून घेता येतं. शिवाय फ्लुइडमध्ये अमुक वेगाला साधारण अमुक वॅट (पेडलवर घातलेली ताकद) हे ठरलेलं असतं, त्यामुळे एक स्वस्तातला स्पीड सेन्सर लावला आणि ॲपमध्ये तुमचं मॉडेल यादीत असलं तर अंदाजे वॅट मिळतात, झ्विफ्टवर (घरबसल्या स्क्रीनवरच्या रस्त्यांवर सायकल चालवायचं ॲप) पण चालतं. मॅग्नेटिकवर पण हे जमतं पण ॲप सांगेल त्याच लेव्हलला लिव्हर ठेवून, मधेच हात लावला की आकडा खोटा.

हे तिन्ही प्रकार टायरवर दाबून चालतात आणि निम्मी रड त्या टायरची असते. रोलर टायरला टेकला की नॉब अजून दोन-तीन फेरे आवळायचा असतो, पण नुसते फेरे मोजू नका, एका हाताने फ्लायव्हील धरा आणि दुसऱ्या हाताने चाक झटक्यात ओढा, टायर रोलरवर सरकला तर अजून आवळा. हवा दर वेळी तेवढीच ठेवा, नाहीतर कालचे आणि आजचे वॅट जुळणार नाहीत. रस्त्याचा टायर गुळगुळीत झिजतो आणि खाली काळी पावडर पडते, म्हणून ट्रेनरचा वेगळा कडक रबरचा टायर मिळतो, तो घेतलात तर तो घालून रस्त्यावर जाऊ नका, ओल्या रस्त्यावर तर अजिबात नको. एमटीबीचे (माउंटन बाइकचे) खडबडीत टायर रोलरवर भयंकर आवाज करतात आणि थरथरतात, तिथं स्लिक म्हणजे गुळगुळीत टायर घातल्याशिवाय गत्यंतर नाही. आपल्याकडे बहुतेकांची पहिली सायकल हायब्रिड नाहीतर एमटीबी असते, म्हणून चाकाची साइज आणि टायरची रुंदी ट्रेनरला बसते का हे पैसे द्यायच्या आधी बघा. मागचं चाक क्विक रिलीजचं (लिव्हरने उघडणारं) असेल तर ट्रेनरबरोबर आलेला स्टीलचा स्क्यूअरच (चाकातून जाणारी दांडी) लावायचा, थ्रू ॲक्सल (फ्रेममध्ये आवळायचा जाड ॲक्सल) असेल तर वेगळा ॲडॉप्टर. फ्रेम कार्बनची असेल तर कंपनी ट्रेनरवर लावायला परवानगी देते का हे मॅन्युअलमध्ये वाचा, सगळ्या देत नाहीत.

आता ज्याच्यासाठी सगळे जीव टाकतात तो डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनर. २०१२ मध्ये वाहूचा किकर आला आणि तिथून हे घराघरात शिरलं. मागचं चाक काढायचं, चेन सरळ ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या चक्रांचा संच). टायरच नाही म्हणजे सरकणं, पावडर, हवा सगळी कटकट गेली. आत जड फ्लायव्हील आणि इलेक्ट्रोमॅग्नेट, करंट कमी-जास्त करून रेझिस्टन्स ॲप ठरवतं.

हा घ्यायचं खरं कारण ईआरजी मोड, म्हणजे वॅट ठरलेले ठेवणारा मोड. ॲपने सांगितलं २०० वॅट की तुम्ही कुठल्याही गिअरमध्ये असा, ट्रेनर २०० वरच धरून ठेवणार. ऐकायला मस्त, पण वॅट म्हणजे जोर गुणिले कॅडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या), त्यामुळे ९० कॅडन्सला जेवढा जोर लागतो त्याच्या दीडपट ६० ला लागतो. म्हणजे इंटरव्हलच्या (जोरात मारायच्या ठरलेल्या तुकड्याच्या) शेवटी दमलात, कॅडन्स घसरला, की ट्रेनर जोर वाढवतो, त्याने कॅडन्स अजून घसरतो, ट्रेनर अजून आवळतो आणि शेवटी पाय चिखलात रुतल्यासारखे जागच्या जागी थांबतात. पहिल्यांदा झालं की लोकांना वाटतं मशीन बिघडलं. बिघडलेलं नसतं, इंटरव्हल सुरू व्हायच्या दोन-चार सेकंद आधीच कॅडन्स वर न्यायचा, आणि अडकलातच तर पेडल सोडून द्या, दम घ्या, हलक्या पायाने परत फिरवायला लागा. छोट्या इंटरव्हलना ईआरजी बंदच ठेवा, पंधरा सेकंदांच्या स्प्रिंटला ट्रेनर जागेवर येईपर्यंत स्प्रिंट संपलेला असतो.

दुसरं म्हणजे चढ. झ्विफ्टवरचा आल्प द्यू झ्विफ्ट हा चढ फ्रान्सच्या आल्प द्युएझ या घाटावरून घेतलाय, तीच २१ वळणं, आणि स्मार्ट ट्रेनर तो चढ पायाला जाणवून देतो. इथं बॉक्सवर लिहिलेल्या टक्क्यांना लोक फार भुलतात, वाहूच्या किकर कोअरला १६ टक्के, टॅक्स कंपनीच्या निओ २टीला २५ टक्के वगैरे. झ्विफ्टमध्ये ट्रेनर डिफिकल्टी नावाचं सेटिंग मुळातच ५० टक्क्यांवर असते, म्हणजे १० टक्क्यांचा चढ पायाला ५ टक्क्यांसारखा लागतो. मग त्या २५ साठी जास्तीचे पैसे कशाला? अचूकतेचं पण तसंच, २०० वॅटला २ टक्के म्हणजे ४ वॅटचा फरक, रोज त्याच ट्रेनरवर बसणार असाल तर त्याने काही अडत नाही.

वीज हा मात्र आपल्याकडचा खरा प्रश्न. इलेक्ट्रोमॅग्नेट असलेल्या ट्रेनरचा प्लग बंद झाला की जोर एकदम जातो आणि पाय मोकळे सुटतात, उभं राहून मारत असाल तर जपून. टॅक्स निओ प्लगशिवाय पण चालतो, तुमच्याच पेडलिंगवर, फक्त उतारावर पुढे ढकलायचं काम त्याला वीज असल्याशिवाय जमत नाही. ज्यांच्याकडे लोडशेडिंग ठरलेलं आहे त्यांनी एकतर ट्रेनर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या (अडॉप्टर फार वीज खात नाही) किंवा सरळ फ्लुइडकडे वळा.

कॅसेट बऱ्याच ट्रेनरबरोबर येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते आणि ती तुमच्या सायकलच्या स्पीडचीच (मागे जेवढे गिअर तेवढ्यांची) पाहिजे, सायकल ९ स्पीड तर कॅसेट पण ९ चीच. ११ स्पीडच्या फ्रीहबवर (कॅसेट बसते तो भाग) ८, ९ किंवा १० ची कॅसेट लावायची तर मागे १.८५ मिमीचा स्पेसर टाकावा लागतो, तो विसरला की कॅसेट हलते आणि गिअर उड्या मारतात. हे काम मेकॅनिककडून एकदाच करून घ्या.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर, कारण सोसायटीत भांडणं यावरूनच होतात. तुम्हाला जो आवाज ऐकू येतो तो वेगळा आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना जातो तो वेगळा. डायरेक्ट ड्राइव्ह कानाला जवळपास गप्प असतो, नुसती चेनची किरकिर, पण कंपन स्लॅबमधून खाली जातंच आणि पहाटे पाचला ते चांगलंच घुमतं. खाली जाड रबर मॅट टाका, आणि ट्रेनर खोलीच्या मध्यभागी न ठेवता कॉलमजवळ, बीमच्या बाजूला ठेवा, स्लॅब मध्यभागी जास्त थरथरतो.

आणि पंखा, रेझिस्टन्स कुठलाही असो. पेडलवर २०० वॅट घालताना शरीर त्याच्या साधारण तिप्पट-चौपट उष्णता बाहेर टाकत असतं, आणि घरात समोरून वारा नाही, वर मुंबईची दमट हवा. सीलिंग फॅनने काही होत नाही, समोर पेडेस्टल फॅन पाहिजे आणि हँडलवर टॉवेल, नाहीतर घाम हेडसेटमध्ये (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगमध्ये) जाऊन बोल्ट गंजतात.

रोलर्सचं पण कोणीतरी विचारेलच. तीन ड्रम, सायकल कशाला बांधलेली नाही, तोल आपला आपण सांभाळायचा. पेडलिंग सुधारतं यात वाद नाही, पण साध्या रोलर्सना रेझिस्टन्स फारच कमी, त्यामुळे पहिला आणि एकमेव ट्रेनर म्हणून नको.

अमेरिकेतल्या भावाकडून मागवणार असाल तर डायरेक्ट ड्राइव्ह अठरा-वीस किलोच्या घरात जातो म्हणजे त्याची एक बॅग त्यातच संपली, अडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का ते आधी फोटो मागवून बघा, आणि वॉरंटी इथं चालत नाही असंच धरून चाला.

सेकंडहँड तर जरूर बघा, हौसेने घेऊन दिवाळीनंतर विकणारे भरपूर असतात. फ्लुइड असेल तर डबा हाताने पुसून बोटाला तेल लागतंय का बघा, मॅग्नेटिक असेल तर लिव्हर पहिल्यापासून शेवटच्या लेव्हलपर्यंत नेऊन प्रत्येक वेळी पायाला फरक कळतो का बघा, केबल अडकलेली असली तर दोन-तीन लेव्हल सारख्याच लागतात. स्मार्ट असेल तर स्वतःच्या फोनला जोडा, विकणाऱ्याच्या नको, दहा मिनिटं चालवा, मग स्पिनडाउन (ॲपमधून करायचं कॅलिब्रेशन) करा आणि ईआरजीमध्ये १०० वरून २०० वॅटवर टाकून किती वेळात पकडतो ते बघा. जोर लावला की आतून टकटक आली तर बेल्ट किंवा बेअरिंग गेलंय, तो कितीही स्वस्तात देत असला तरी सोडा.