पायाच्या धमन्यांची डॉपलर तपासणी: मी कशी करते

डॉपलर म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाहाचा वेग मोजणारी सोनोग्राफी. रुग्णाला आधी दहा-पंधरा मिनिटं शांत आडवं झोपू द्या. नुकत्याच चालून आलेल्या पायातला प्रवाह वाढलेला असतो आणि त्याच्या वेगाचा आलेख फसवतो. तेवढ्या वेळात मी विचारते, किती चाललं की पोटरी धरते? रात्री पाऊल दुखतं का? कुठे बघायचं ते निम्मं तिथेच कळतं.

लिनियर प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा सपाट तोंडाचा, त्वचेवर फिरवायचा भाग) जांघेत ठेवा आणि मांडीतून गुडघ्यामागे, मग घोट्यापर्यंत या. मांडीच्या खालच्या भागात, जिथे धमनी स्नायूंच्या बोगद्यातून जाते, तिथे रेंगाळा. अरुंदपणा तिथे वारंवार सापडतो, आणि घाईत नेमका तोच निसटतो.

कलर डॉपलरमध्ये, म्हणजे प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या चित्रात, रंगांची सरमिसळ दिसली की थांबा, पण निदान रंगावर करू नका. वेगाचा आलेख काढणारा स्पेक्ट्रल डॉपलर लावा, ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन ६० अंश किंवा कमी ठेवा. त्यापुढे वेगाचं मोजमाप भरवशाचं राहत नाही. अरुंद जागेतला सर्वोच्च वेग भागिले तिच्या जरा वरचा (हृदयाकडच्या बाजूचा) वेग: उत्तर २ पेक्षा जास्त आलं, तर धमनी साधारण निम्मी किंवा त्याहून अधिक अरुंद आहे.

निरोगी धमनीचा आलेख तीन टप्प्यांचा असतो. घोट्याशी तो एकाच बुटक्या, पसरट लाटेचा दिसला, तर अडथळा वर कुठेतरी आहे. जांघेतच तसा दिसला, तर पोटातल्या धमन्याही तपासा.

मधुमेहात धमनीच्या भिंतीत साचलेल्या कॅल्शियमची चित्रात सावली पडते, त्यामुळे धमनीचा एखादा तुकडा दिसतच नाही. तसं अहवालात स्पष्ट लिहा. न दिसलेल्या भागाला मी कधीच ‘सामान्य’ म्हणत नाही.