तीन-चार गाड्या एकमेकींवर आदळल्या तर चूक कुणाची ठरते, आणि ती ठरण्यासाठी तुम्ही काय जपायचं

"मागच्याने ठोकलं ना, मग चूक मागच्याचीच." नाशिकच्या मुंबई नाक्यावर, द्वारका चौकात हे वाक्य रोज ऐकू येतं. दोनच गाड्या असतील तर बहुतेक वेळा ते खरंही ठरतं, कारण पुढच्या वाहनापासून पुरेसं अंतर ठेवणं ही मागच्या चालकाचीच जबाबदारी आहे. मोटार वाहन चालवण्याच्या 2017 च्या नियमांत तसं लिहिलेलंच आहे. पण गाड्या तीन-चार झाल्या की एवढ्यावर भागत नाही.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवते. बातमीत 'पाच वाहनांचा विचित्र अपघात' छापून येतो, पण न्यायाधिकरणासमोर, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कोर्टासमोर, तो एक अपघात राहत नाही. त्यातली प्रत्येक धडक सुटी करून बघावी लागते. कोण कुणावर आदळलं, आधी कोण आणि नंतर कोण, टाळायला कुणाच्या हातात किती वेळ होता, हे प्रत्येक धडकेचं वेगळं विचारलं जातं. म्हणून तुम्हीही घडलेलं सांगताना 'सगळ्या एकदम धडकल्या' असं कधी सांगू नका. क्रम सांगा.

मधल्या गाडीचा प्रश्न

समजा, विल्होळीच्या पुढे मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला तीन गाड्या एकामागे एक चालल्या आहेत. पुढे स्विफ्ट, मध्ये वॅगनआर, मागे द्राक्षांचे क्रेट भरलेली पिकअप. पुढे वाहतूक तुंबली, स्विफ्ट थांबली आणि पाठोपाठ तिन्ही एकमेकींत घुसल्या. स्विफ्टवाले म्हणतात, वॅगनआरने ठोकलं. वॅगनआरवाले म्हणतात, मी थांबलो होतो, पिकअपने मला ढकललं. पिकअपवाला म्हणतो, वॅगनआर आधीच स्विफ्टवर आदळून जागच्या जागी थांबली, मला ब्रेकला अंतरच मिळालं नाही. एकच फोटो समोर ठेवला तर तिघांचंही पटतं.

अशा वेळी मी पहिला प्रश्न स्विफ्टमध्ये बसलेल्यांना विचारते: दणके किती बसले? एकच मोठा दणका बसला असेल, तर वॅगनआर थांबलेली होती आणि मागून ढकलली गेली, असं मानायला जागा आहे. एक दणका, मग क्षणभराने दुसरा, असं झालं असेल तर वॅगनआर आधी स्वतः आदळली आणि नंतर पिकअप तिच्यावर आली. एवढ्यावर निकाल लागत नाही, पण पुढचा सगळा तपास कुठल्या दिशेने करायचा ते कळतं. म्हणून मधल्या गाडीचे चालक तुम्ही असाल, तर पुढच्या गाडीतल्या माणसांचं नाव आणि मोबाइल नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. त्या क्षणी ते तुमच्यावर चिडलेले असतात. तरी शांतपणे विचारा.

दुसरी गोष्ट गाडीच्या पत्र्यावर दिसते. जोरात ब्रेक लावला की गाडीचं नाक खाली दबतं. वॅगनआर ब्रेक दाबत दाबत स्विफ्टवर गेली असेल, तर तिचा पुढचा बंपर स्विफ्टच्या मागच्या बंपरच्या खालच्या अंगाला घुसतो आणि ओरखडे तिथे सापडतात. उभी गाडी मागून ढकलली गेली असेल, तर दोन्ही बंपर साधारण एकाच उंचीवर भिडतात. मग वॅगनआरच्या दोन बाजू ताडून बघायच्या. डिक्की पार आत गेली आहे आणि पुढे नुसती जाळी तुटली आहे, असं असेल तर ढकलल्याच्या म्हणण्याला बळ मिळतं. बोनेट दुमडलं आहे आणि मागे किरकोळ पोचा आहे, असं असेल तर चित्र उलटं. कुणाचा रंग कुणाच्या बंपरवर किती उंचीवर लागला आहे, याचा जवळून फोटो हवा, शक्यतो शेजारी टेप किंवा निदान हात धरून. गॅरेजवाल्याने बंपर उतरवला की हा पुरावा गेला.

वॅगनआर ढकलली गेली असं ठरलं, तर दोन्ही धडकांची जबाबदारी पिकअपवर येते. ती आधी स्वतः आदळली होती असं ठरलं, तर स्विफ्टच्या पहिल्या नुकसानीला वॅगनआर जबाबदार, वॅगनआरच्या मागच्या बाजूला पिकअप, आणि दुसऱ्या दणक्याने स्विफ्टचं जे वाढलं त्याची वाटणी होते.

सगळ्यात पुढचाही सुटत नाही

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोइम्बतूरच्या एका अपघाताचा निकाल दिला. महामार्गावर कार एकदम थांबली, मागून येणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मोटारसायकलसह तिच्यावर आदळून रस्त्यावर पडला आणि मागच्या बसचं चाक त्याच्या पायावरून गेलं. पाय कापावा लागला. कारचालकाचं म्हणणं होतं की गरोदर पत्नीला उलटीची भावना झाली म्हणून थांबलो. न्यायाधिकरणाने कारला पूर्ण मोकळं सोडलं होतं. उच्च न्यायालयाने कारवर 40 टक्के ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने कारवर 50, बसवर 30 आणि अंतर न ठेवणाऱ्या मोटारसायकलस्वारावर 20 टक्के असा दोष वाटला. महामार्गावर वाहनं वेगात असतात, तिथे मागच्यांना इशारा न देता थांबायचं कारण कितीही घरगुती असलं तरी चालत नाही, हा त्याचा गाभा.

एकाच अपघाताची तीन न्यायालयांत तीन वेगळी वाटणी झाली, हे लक्षात घ्या. तुम्हाला कुणी रस्त्यावरच 'तुमची शंभर टक्के चूक' म्हणालं तर ते मान्य करून बसू नका.

रात्री रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकचंही असंच आहे. नाशिक-पुणे रस्त्यावर सिन्नरच्या अलीकडे-पलीकडे, पिंपळगावच्या बाजूला कांद्याच्या हंगामात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असा ट्रक किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली उभी असते. तिच्यावर कार आदळते आणि सगळे म्हणतात, कारवाल्याला दिसलं कसं नाही? 2018 मध्ये टँकरच्या आणि 2024 मध्ये ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा कारचालकांवर टाकलेला दोष काढून टाकला. पण त्यासाठी पार्किंग लाइट बंद होते, मागे धोक्याचा इशारा देणारा त्रिकोण नव्हता, हे दिसायला हवं. गर्दी जमली की कुणीतरी ट्रकचे दिवे लावतं. म्हणून आधी तो फोटो. लोखंडी सळ्या मागे लोंबत असतील तर त्यांना लाल कापड किंवा दिवा होता का, तेही टिपा.

गाडीत नुसतं बसलेल्यांसाठी

हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जखमी प्रवासी आणि मृतांच्या घरचे लोक इथेच फसवले जातात. 'तुमच्याच गाडीच्या ड्रायव्हरची अर्धी चूक होती, म्हणून अर्धीच भरपाई' असं त्यांना सांगितलं जातं. चालकाची चूक मागे बसलेल्या प्रवाशाच्या माथी मारता येत नाही. दोन-तीन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याच निर्दोष माणसाला इजा झाली, तर त्याला कॉम्पोझिट निग्लिजन्स म्हणतात. अशा वेळी तो माणूस पूर्ण भरपाई त्यातल्या कुठल्याही एका वाहनाकडून मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यांनी आपसात काय वाटून घ्यायचं ते त्यांचं. तरी मी दाव्यात सगळ्या वाहनांचे मालक आणि विमा कंपन्या सामनेवाले म्हणून घालते. नाहीतर प्रत्येक जण हजर नसलेल्याकडे बोट दाखवतो.

तुमची स्वतःची चूक असेल तर मात्र तेवढा वाटा कापला जातो. भरपाई 10 लाख ठरली आणि तुमच्यावर 20 टक्के दोष आला, तर हातात 8 लाख. नुसतं लायसन्स नव्हतं म्हणून अपघाताचा दोष आपोआप तुमच्यावर येत नाही. तुमच्या चालवण्यामुळे अपघात झाला का, ते वेगळं सिद्ध व्हावं लागतं.

रस्त्यावरचा पहिला अर्धा तास

आधी माणसं. 108 आणि 112 ला फोन, हॅझार्ड लाइट चालू, मागून येणाऱ्यांना दुरूनच दिसेल असा त्रिकोण. राहुड घाटात किंवा थंडीच्या धुक्यात पहिल्या धडकेनंतर मागून आणखी गाड्या येतात, म्हणून चालू शकणाऱ्यांना रस्त्याच्या कडेला न्या. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, हे घाबरलेल्या लोकांना मोठ्याने सांगा.

मग, गाड्या बाजूला घेण्याआधी, फोन काढा. लांबून चारही बाजूंनी फोटो घ्या आणि त्यात किलोमीटरचा दगड, खांब किंवा दुकानाची पाटी येऊ द्या. चाकं कुठे वळलेली आहेत, ब्रेकच्या खुणा कुठून सुरू होतात, काचा कुठे सांडल्या आहेत, गाड्यांमध्ये किती अंतर उरलं आहे, हे टिपा. सगळ्या नंबरप्लेट घ्या. पळून जाणाऱ्या गाडीची आधी. शेवटी एक सलग व्हिडिओ काढत चालत जा आणि वेळ, ठिकाण, गाड्यांचा क्रम बोलत राहा. हा फोन बदलू नका, मूळ फाइल व्हॉट्सअॅपवरून पाठवून मग डिलीट करू नका. कोर्टात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं.

शेजारच्या चहावाल्याचा, ढाब्यावरच्या माणसाचा नंबर घ्या. पेट्रोल पंप, टोलनाका, दुकानं यांचे कॅमेरे कुठे आहेत ते बघून ठेवा. जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं, म्हणून फुटेज जपून ठेवण्याचा लेखी अर्ज दुसऱ्याच दिवशी पोलिस ठाण्यात देऊन पोच घ्या.

आणि 'आपसात मिटलं, कुणाची तक्रार नाही' अशा कागदावर रस्त्यात सही करू नका. कमरेचं दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी कळतं. तीन गाड्यांपैकी दोघांनी आपसात मिटवलं आणि तिसऱ्यावर सगळं ढकललं, असंही होतं.

पोलिस, पंचनामा, विमा

फिर्याद आधी दिली म्हणजे निर्दोष, असं काही नाही. 'भरधाव वेगात, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून' हे शब्द बहुतेक प्रत्येक अपघाताच्या फिर्यादीत असतात. ते वाचून हातपाय गाळू नका. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणात कुणाचं म्हणणं अधिक शक्य वाटतं एवढंच बघतात. त्यामुळे फौजदारीत सुटलेला चालक इथे दोषी ठरू शकतो.

तुम्ही मात्र दोन गोष्टी स्वतः तपासा. फिर्यादीत सगळ्या वाहनांचे नंबर आले आहेत का, आणि स्थळ पंचनाम्यात रस्त्याची दिशा, रुंदी, दुभाजक, गाड्यांची जागा बरोबर लिहिली आहे का. पंचनाम्यात क्रम चुकला तर तो पुढे शेवटपर्यंत छळतो. चूक दिसली की लगेच लेखी जबाब द्या. जबाबात जे पाहिलं तेवढंच सांगा. मागची गाडी किती वेगात होती हे आरशात दिसलं नसेल तर 'ऐंशीच्या पुढे असेल' असं बोलू नका. उलटतपासणीत तेच वाक्य समोर येतं.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर तुमच्या गाडीचा खर्च, दोष कुणाचाही असो, तुमच्या कंपनीकडून मिळू शकतो. त्याने नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जाते. दुसऱ्याच्या गाडीच्या नुकसानीसाठी कारच्या थर्ड पार्टी विम्याची साधारण मर्यादा 7.5 लाख रुपये आहे, जखमी किंवा मृत माणसाच्या भरपाईला अशी मर्यादा नाही.

दावा कुठे आणि कधी

कसारा घाटात, ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत अपघात झाला तरी तुम्ही नाशिकला राहत असाल तर दावा नाशिकमध्येच करता येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालच्या भरपाईच्या अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. दवाखान्याच्या धावपळीत ती कधी सरते ते कळत नाही, म्हणून घरातल्या एकाने फक्त कागदांचं काम अंगावर घ्यावं.

चूक सिद्ध न करताही कलम 164 खाली मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळू शकतात. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार, अशी वेगळी योजना आहे. कलम 164 ची रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला दावा संपतो. कमावता माणूस गेला असेल तर ती रक्कम फार अपुरी असते. विमा कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी त्यावर कुठलं कलम लिहिलं आहे ते वाचा, आणि समजलं नाही तर कागद घरी घेऊन या.

वकिलाकडे जाताना फिर्याद, पंचनामा, आरटीओच्या वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, सगळ्या गाड्यांच्या पॉलिसीच्या प्रती, दवाखान्याची मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि पगाराची स्लिप किंवा आयटी रिटर्न न्या. एका साध्या कागदावर रस्त्याचं चित्र काढा, गाड्यांना एक, दोन, तीन असे आकडे द्या आणि बाणांनी धडकांचा क्रम दाखवा. हे चित्र अपघातानंतर दोन-तीन दिवसांतच काढून खाली तारीख आणि सही घाला.