शेततळ्यातल्या माशांना उवा : आधी जाळं वाळवा

होळी सरली की खान्देशात पाणी तापू लागतं आणि केळीच्या ड्रिपमुळे तळ्याची पातळी रोज उतरते. मासे तेवढेच, पाणी कमी. आर्ग्युलस म्हणजे माशांच्या उवा आता झपाट्याने वाढतात. रावेर-यावलपासून शहाद्यापर्यंत ज्यांनी रोहू, कटला, मृगळ सोडलेत त्यांनी आजच तळ्यावर जावं.

तळ्यात ऊ शिरते ती बहुतेक दुसऱ्याकडून मागून आणलेल्या ओल्या जाळ्याने. सकाळी शेजाऱ्याकडे ओढलेलं जाळं दुपारी टेम्पोतून तुमच्याकडे येतं. ही ऊ माशाशिवायही काही दिवस जगते. जाळं दोन दिवस कडक उन्हात पसरा, गाठी उलगडून बघा, कोरडं ठणठणीत झालं तरच पाण्यात उतरवा. व्यापारी म्हणेल गाडी थांबली आहे. थांबू द्या.

मासा अंग घासतो, उड्या मारतो. दोन-चार पकडून पंखाच्या बुडाशी पाहा : मसुराच्या डाळीएवढी चपटी, हिरवट ऊ, दोन काळे डोळे, बोट लावलं की सरकते. चिकटल्या जागी लाल ठिपका पडतो, पुढे जखमेत बुरशी धरते. काठावर एकदम बगळे वाढले तर मी आधी मासे तपासतो. याला पुस्तकाचा आधार नाही, पण अंदाज सहसा चुकत नाही.

दुकानदार कपाशीचं कीटकनाशक सायपरमेथ्रिन 'थोडंसं' टाकायला सांगेल. मुळीच टाकू नका, ते माशाला जहर आहे. फवारणीचा पंपही तळ्यात धुऊ नका. प्रोबायोटिकच्या महाग बाटलीने ऊ मरत नाही.

करायचं ते :
- खाद्य निम्मं.
- शक्य तेवढं ताजं पाणी.
- दाटी असेल तर मोठा मासा विकून टाका.
- नवी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडण्याआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, 2-3 मिनिटं बुडवणं. मासा कलंडला की लगेच बाहेर.
- पोटॅशियम परमँगनेट 1000 लिटरला 2 ग्रॅम, बादलीत विरघळवून, सकाळी. पंप चालू ठेवा. फॉर्मॅलिनबरोबर कधीच नाही.
- टाकण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात पाण्याचा हिशेब तपासून घ्या.

गढूळ पाण्यात परमँगनेट लवकर संपतं, गुलाबी रंग तासाभरात तपकिरी झाला तर उपयोग झाला नाही असं समजा. आणि औषधाने अंडी मरत नाहीत. उवेची मादी माशाला सोडून प्लास्टिकवर, पाइपवर, दोरावर ओळीने अंडी घालते; कोमट पाण्यात दोन-तीन आठवड्यांत पिल्लं निघतात. म्हणून तिने अंडी घालावीत यासाठी बांबूचे तुकडे दोरीने बांधून आडवे तरंगत सोडा, टोकं घासून गोल करा, नाहीतर तळ्याची प्लास्टिक फिल्म फाटेल. दर तीन-चार दिवसांनी बाहेर काढून दिवसभर उन्हात तापवा, परत सोडा. महिनाभर तरी. मध्येच पुन्हा तेच ओलं जाळं ओढलंत तर पैसे पाण्यात.

पोरांनी कंटाळून दिलेला गोल्डफिश तळ्यात सोडू नका, त्याच्यावरूनही हीच ऊ येते. घरच्या काचेच्या टाकीत दिसली तर मासा ओल्या फडक्यात धरून चिमट्याने उपटा, दगड-शोभेच्या वस्तू काढून उन्हात वाळवा, आणि टाकीतली हातजाळी तळ्यावर नेऊ नका.