समोरचा काय मानतो? पाच विद्याशाखांच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेले विद्यार्थी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्याकडे विषय असतो, वाचनाची यादी असते, डाउनलोड करून ठेवलेल्या पेपरांचा ढीग असतो. आपल्याला नेमकं कोणाला पटवायचंय आणि तो माणूस काय पाहिल्यावर 'ठीक, मानलं' म्हणेल, याचा विचार मात्र क्वचितच झालेला असतो. मी मूळची इंजिनिअर. वैद्यकीय उपकरणांवर काम करताना आधी डॉक्टरांबरोबर, पुढे पेटंटच्या निमित्ताने वकिलांबरोबर आणि मग उपकरण बाजारात नेऊ पाहणाऱ्या उद्योजकांबरोबर बसावं लागलं. भौतिकशास्त्र तर उपकरणाच्या पोटातच होतं. गेली काही वर्षं मी या सगळ्या शाखांतल्या संशोधकांचे आराखडे आणि हस्तलिखितं वाचते. दोन शाखांच्या सीमेवर काम करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एमआरआयचा इतिहास मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण त्यात पाचही शाखा येतात. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातली अणुकेंद्रकं रेडिओ लहरींना कसा प्रतिसाद देतात, हे 1946 मध्ये फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. हे निखळ भौतिकशास्त्र. 1971 मध्ये रेमंड डमेडियन या डॉक्टरने उंदरांच्या गाठींमधला सिग्नल निरोगी ऊतींपेक्षा वेगळा येतो, असं प्रसिद्ध केलं. 1973 मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्र जागेनुसार कमी-जास्त ठेवून त्या सिग्नलमधून चित्र काढलं. ते पहिलं चित्र होतं पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं, आणि 'नेचर'ने तो पेपर आधी नाकारला होता. चित्र झटपट घेण्याच्या पद्धतीवर पीटर मॅन्सफिल्ड यांनी काम केलं. डमेडियन यांनी 1972 मध्ये पेटंटचा अर्ज केला, 1978 मध्ये कंपनी काढली आणि 1997 मध्ये जनरल इलेक्ट्रिकविरुद्धचा पेटंट-उल्लंघनाचा खटला अमेरिकेच्या अपील न्यायालयातही जिंकला. भरपाई 10 कोटी डॉलरांहून अधिक होती. 2003 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मात्र लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना मिळालं. डमेडियन यांचं नाव त्यात नव्हतं.

यात कोणावर अन्याय झाला यावर आजही वाद घालता येतो. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. न्यायालयासमोर प्रश्न होता की पेटंटमधल्या दाव्यांचं उल्लंघन झालं का. नोबेल समितीपुढे प्रश्न होता की शरीराच्या आतलं चित्र काढण्याचा शोध कोणाचा. इतिहास तोच, पण प्रश्न वेगळे, म्हणून त्यांच्यासाठी लागणारी कागदपत्रंही वेगळी. तुमच्या प्रकल्पातही नेमकं हेच होणार आहे.

वैद्यकशास्त्रापासून सुरुवात करते, कारण बाहेरून येणाऱ्याला इथे सर्वात जास्त शिकावं लागतं. इथे पहिला प्रश्न असा: कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळणार, हे कोणी आणि कसं ठरवलं? डॉक्टरने ठरवलं असेल तर नकळत बऱ्या अवस्थेतले रुग्ण नव्या उपचाराकडे झुकतात आणि मग फरक उपचाराचा की रुग्णांचा, हे कळायला मार्ग राहत नाही. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेली क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटिश चाचणी याच कारणासाठी आजही वाचण्यासारखी आहे. एकूण 107 रुग्ण. त्यांतल्या 55 जणांना औषध आणि विश्रांती, तर 52 जणांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे फक्त अंथरुणात विश्रांती. कोण कोणत्या गटात, हे यादृच्छिक आकड्यांवरून ठरवून बंद पाकिटात ठेवलेलं होतं. रुग्णाला चाचणीत घ्यायचं हे पक्कं झाल्यावरच त्याचं पाकीट उघडायचं. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 आणि दुसऱ्या गटातले 14 रुग्ण दगावले. या पाकिटांमुळेच त्या आकड्यांना वजन आलं.

एखाद्या चाचणीचा पेपर हातात आला की मी सारांश बाजूला ठेवते. आधी रुग्णांच्या प्रवाहाची आकृती पाहते: किती जण आले, किती निवडले गेले, किती मध्येच सोडून गेले आणि कोणत्या गटातून. मग चाचणीचा नोंदणी क्रमांक घेऊन चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही उघडते. तिथे प्रत्येक बदल तारखेसह दिसतो. चाचणी सुरू होण्यापूर्वी मुख्य निष्कर्ष म्हणून काय मोजायचं ठरलं होतं आणि पेपरात मुख्य म्हणून काय मांडलंय, या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या. 'बारा महिन्यांतले मृत्यू' असं लिहिलेलं 'तीन महिन्यांनंतरचा रक्तदाब' झालं असेल, तर त्याचं कारण पेपरात सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. प्रमुख वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी 2005 पासून आगाऊ नोंदणीची अट घातली. अशा नोंदणीचा परिणाम किती मोठा असावा, याचा अंदाज देणारा एक अभ्यास 2015 मध्ये आला. अमेरिकेतल्या हृदय, फुप्फुस व रक्तविकारांच्या राष्ट्रीय संस्थेने निधी दिलेल्या मोठ्या चाचण्या त्यात तपासल्या होत्या. 2000 पूर्वीच्या, म्हणजे अशी नोंदणी रुळण्याआधीच्या, 30 पैकी 17 चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. त्यानंतरच्या 25 पैकी फक्त 2 चाचण्यांत दिसला. सगळा फरक नोंदणीमुळेच पडला, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण तुमचा गाईड 'आधी आराखडा लिहून काढ, मग डेटा उघड' असं म्हणाला तर ते का, हे या आकड्यांवरून समजावं.

इंजिनिअरिंगमधून आलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपण जो आकडा सुधारतो तो रुग्णाच्या कामाचा असतोच असं नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या छातीत जादा ठोके पडतात, असे रुग्ण अधिक दगावतात, म्हणून ठोके दाबणारी औषधं द्यावीत, हा तर्क अगदी बिनतोड वाटत होता. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके दाबतही होती. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कास्ट' चाचणीत मात्र ही औषधं घेणाऱ्यांमध्ये मृत्यूंचं प्रमाण औषधाचा अंश नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. सेन्सरच्या ग्राफवरची सुधारणा घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा 'मग रुग्णाचं काय झालं?' हा प्रश्न येणार हे गृहीत धरूनच जा.

कायद्याच्या संशोधनात शिरल्यावर तर पायाच वेगळा लागतो. निष्काळजीपणाच्या कायद्यातला बहुधा सर्वात प्रसिद्ध निकाल म्हणजे 1932 चा डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन. जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली आणि ती बिअर पिऊन आपण आजारी पडलो, अशी मिसेस डोनोह्यू यांची तक्रार होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या काळच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की थेट करार नसला तरी उत्पादकाची अंतिम ग्राहकाप्रति काळजी घेण्याची जबाबदारी असते. बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हे न्यायालयात कधीच सिद्ध झालं नाही. लॉर्ड्सपुढे प्रश्न एवढाच होता की तक्रारीतली हकिगत खरी धरली, तर कायद्याने दावा उभा राहतो का. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते अवाक होतात. पण कायद्यात निकालाचं बळ येतं ते त्यामागच्या युक्तिवादातून आणि तो देणाऱ्या न्यायालयाच्या अधिकारातून.

म्हणून निकालपत्र वाचायची सवय वेगळी लावावी लागते. सुरुवातीला छापलेला गोषवारा प्रकाशकाच्या संपादकाने केलेला असतो. तो न्यायालयाचा शब्द नव्हे, त्यावरून उद्धृत करू नका. निकालाला आवश्यक असलेला तर्क कोणता आणि जाता जाता केलेलं भाष्य कोणतं, हे वेगळं काढायला शिका. अल्पमताचा निकालही वाचा. युक्तिवादाची कच्ची बाजू तिथे सर्वात स्पष्ट दिसते. प्रत्येक निकालावर अर्धं पान लिहायला मी सांगते: घटना, कायद्याचा प्रश्न, उत्तर, कारण, आणि शेवटी कोणती एक घटना वेगळी असती तर उत्तर बदललं असतं. ही शेवटची ओळ जमली तर निकाल समजला. त्यानंतर तो निकाल पुढे कोणी फिरवला किंवा मर्यादित केला का, हे तपासल्याशिवाय प्रबंधात घेऊ नये. कायद्याच्या अनेक पेपरांत 'संशोधन पद्धती' नावाचा विभागच नसतो, कारण युक्तिवाद हीच तिथली पद्धत असते. तळटीपांनी भरलेलं पान पाहून कंटाळू नका. वाचणारा आधी तळटीपाच वाचतो.

उद्योजकतेच्या संशोधनात गोष्टी फार सहज मिळतात आणि अडचणही तीच आहे. भेटतात ते टिकलेल्या कंपन्यांचे संस्थापक. बुडालेल्या कंपनीचा फोन कोणी उचलत नाही. शिवाय मागे वळून सांगताना प्रत्येकाची गोष्ट आपोआप सुसंगत होते. एका संस्थापकाने मुलाखतीत मला सांगितलं की बाजाराचा अभ्यास करून त्यांनी मोठी रुग्णालयं निवडली. मी त्या वर्षाचे ईमेल बघू का, असं विचारलं आणि त्यांनी मोकळेपणाने लॅपटॉप पुढे केला. पहिली ऑर्डर एका ओळखीच्या शिक्षकाच्या प्रयोगशाळेकडून आली होती. 'मार्केट स्टडी' नावाच्या फाइलची तारीख त्यानंतरची होती. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच आठवत होतं. त्यामुळे मुलाखतीबरोबर त्या काळातली कागदपत्रं मागा: ईमेल, बिलं, सादरीकरणाच्या जुन्या आवृत्त्या. आठवणीवर विसंबायचं नसेल तर आणखी एक रस्ता सारस सरस्वती यांनी दाखवला. त्यांनी 27 अनुभवी उद्योजकांना एका काल्पनिक उत्पादनाबद्दलचे निर्णय घ्यायला लावले आणि निर्णय घेताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. त्यातून 2001 मध्ये मांडलेला 'इफेक्च्युएशन'चा सिद्धांत या क्षेत्रात आज सगळीकडे भेटतो: हातात असलेल्या साधनांपासून सुरुवात करायची आणि ध्येय वाटेत घडत जाऊ द्यायचं.

भौतिकशास्त्रात, निदान कणभौतिकीत, 'शोध लागला' म्हणण्याची मर्यादा पाच सिग्मा आहे. म्हणजे नवा कण नसतानाही निव्वळ योगायोगाने तेवढा ठळक सिग्नल दिसण्याची शक्यता साधारण 35 लाखांत एक. 2012 मध्ये हिग्ज बोसॉन हा कण जाहीर झाला तो ही मर्यादा गाठल्यावर. वैद्यकातल्या वीसात एक या मर्यादेशी तुलना करून नाक मुरडणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. पण प्रोटॉनची टक्कर अब्जावधी वेळा घडवता येते, रुग्ण तेवढे मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. शिवाय सिग्मा कितीही असले तरी उपकरणातली चूक त्यात पकडली जात नाही. 2011 मध्ये 'ऑपेरा' प्रयोगाला न्यूट्रिनो हे कण प्रकाशापेक्षा सुमारे 60 नॅनोसेकंद लवकर पोहोचताना दिसले, आकडेवारी भक्कम होती, आणि पुढच्या वर्षी कारण निघालं ते मुख्यतः नीट न बसलेली एक फायबर केबल.

या क्षेत्राकडून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे स्वतःला फसू न देण्याची शिस्त. 2010 मध्ये गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो या प्रयोगाच्या डेटात मोजक्या लोकांनी गुपचूप एक बनावट सिग्नल घातला. असं कधीतरी होऊ शकतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण हा सिग्नल खरा की खोटा हे माहीत नव्हतं. शेकडो शास्त्रज्ञांनी महिनोन्महिने विश्लेषण केलं, पेपर लिहून तयार केला आणि मग 2011 च्या मार्चमध्ये खरं काय ते उघड करण्यात आलं. 2015 च्या सप्टेंबरमध्ये खरी गुरुत्वीय लहर आली तेव्हा ही तालीम झालेली होती. छोट्या प्रयोगातही हे जमतं: नमुन्यांवरची नावं दुसऱ्याला झाकायला सांगा आणि विश्लेषण पूर्ण झाल्यावरच उघडा.

इंजिनिअरिंगबद्दल थोडक्यात. सिम्युलेशन करणाऱ्यांनी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: समीकरणं बरोबर सोडवली का, आणि सोडवलेली समीकरणं या वस्तूला लागू पडतात का. पहिल्याचं उत्तर गणितासाठी वस्तूचे तुकडे पाडणारी जाळी बारीक करून मिळतं, दुसऱ्याचं फक्त प्रत्यक्ष मोजमापातून. रंगीत चित्रांच्या गर्दीत दुसरा प्रश्न वारंवार हरवतो. आणि प्रत्येक मोजमापासोबत अनिश्चितता लिहा, ती नसलेला आकडा मी हस्तलिखितात परत पाठवते.

एकत्र काम सुरू झालं की भांडणं बहुतेक दोनच गोष्टींवरून होतात. पहिली म्हणजे लेखकांची नावं. वैद्यकात सर्वात शेवटचं नाव बहुधा ज्येष्ठ संशोधकाचं असतं. कणभौतिकीत मोठ्या गटांची नावं वर्णानुक्रमे लागतात. 2015 मधल्या हिग्जच्या वस्तुमानावरच्या संयुक्त पेपरला 5 हजारांहून अधिक लेखक होते. कायद्यात एकट्याने लिहिण्याचाच प्रघात जास्त. डॉक्टर, वकील आणि भौतिकशास्त्रज्ञ एकत्र असले की प्रत्येकजण आपलीच रीत गृहीत धरून बसलेला असतो, म्हणून कोणाचं नाव कुठे, हे पहिल्या महिन्यातच लेखी ठरवा.

दुसरी म्हणजे प्रसिद्धीची वेळ. भौतिकशास्त्रात 1991 पासून आरकाइव्ह या खुल्या संग्रहावर प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलात छापून येण्याआधीचा पेपर, टाकण्याची पद्धत रुळली आहे, आणि उत्साही विद्यार्थी निष्कर्ष हाती आले की लगेच टाकून मोकळा होतो. तुमच्या कामात पेटंट होण्यासारखं काही असेल तर थांबा. युरोपात अर्जाआधी तुम्ही स्वतः प्रसिद्ध केलेला मजकूरसुद्धा पेटंटच्या आड येतो. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत आहे, पण ती सगळीकडे चालत नाही. पोस्टर, परिषदेतलं भाषण, वाचनालयात खुला ठेवलेला प्रबंध, हे सगळं प्रसिद्धीतच मोडतं. परिषदेला सारांश पाठवण्याआधी तो पेटंट बघणाऱ्या व्यक्तीला वाचायला द्या, आणि लॅब नोटबुकमध्ये त्या दिवसाची तारीख घालून काय दाखवलं, कोणाला दाखवलं, ते लिहून ठेवा.