दिवसभर धावपळ, तरी बिलं अडकलेली: कामांचा क्रम असा लावला

लक्षण: मुंबईतला छपाईचा छोटा गाळा, फोन आणि व्हॉट्सॲप अखंड चालू. तरी बिलं पाठवायची राहतात, वसुली लांबते, रिटर्न शेवटच्या रात्री भरलं जातं.

ॲप, रंगीत चिठ्ठ्या, लांबलचक यादी, कशानेच फरक पडला नाही. यादीत सगळंच ‘अर्जंट’! वैताग नुसता.

लागू पडलं ते असं. शटर ओढण्याआधी वहीचं एक पान.

आधी तारखेची कामं: टीडीएस (पैसे देताना कापलेला कर) भरायची ७, जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न) ची ११, ३बी (जीएसटी भरायचं रिटर्न) ची २० (मासिक रिटर्न असेल तर). प्रत्येक तारीख दोन दिवस अलीकडची लिहायची, कारण शेवटच्या दिवशी पोर्टल रडतं. ११ चुकली की दंड तर लागतोच, शिवाय १४ तारखेला गिऱ्हाइकाच्या २बी मध्ये (त्याला मिळणाऱ्या जीएसटी वजावटीचा तक्ता) आपलं बिल दिसत नाही आणि तो पेमेंट रोखतो. खरा फटका हा.

मग अडकलेला पैसा. माल निघाला त्याच दिवशी बिल. उद्यम (सरकारची लघुउद्योग) नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत यायला हवेत, करार नसेल तर १५. मुदतीजवळ आलेलं बिल आधी, रक्कम नंतर बघायची.

शेवटी, आपल्यामुळे कोणाचे हात थांबलेत? कारागिराला डिझाइनची मंजुरी, भिवंडीच्या टेम्पोला मालाचं चलन. लिहायला शेवटी, पण सकाळी उरकायला पहिलं; दहा मिनिटांत गाळा हलायला लागतो.

पानावर तीनच मोठी कामं. व्हॉट्सॲप १ आणि ५ वाजता. नवी ऑर्डर मात्र फोनवर लगेच घ्यायची.